जिवंत बाबांचा मलिदा

“मग तुम्हीच सांगा, बाबा! खरी बातमी कुणाची? याची की माझी?”

मुकुंद बेलसऱ्याचा आवाज चढला होता. टेकडीवरच्या त्या तकियात, दर्याशा फकिराच्या मठीत, बाबांपुढं आवाज चढवून बोलायची रीत नव्हती. पण दिवस साथीचे होते. टाळेबंदीत अडकलेली माणसं भाकरीबरोबर बातम्याच खात होती.

मुकुंद कॉलेजात पत्रकारिता शिकवायचा. थोडे दिवस बाबांच्या सहवासात काढावेत म्हणून आला, आणि मागं रस्ते बंद झाले. त्याच्याशी भांडणारा यासीन हा बाबांचा जुना शिष्य. धंद्यानं शिंपी, पण हट्टाला प्राध्यापकाच्या तोडीस तोड.

“माझं चॅनल सांगतंय, ओढ्यापलीकडचं बोरखडी गाव आडवं झालंय,” यासीन म्हणाला. “घरोघर आजारी. पाणी द्यायला माणूस नाही.”

“तुझं चॅनल लोकांना घाबरवूनच पोट भरतं! माझ्या चॅनलवर स्पष्ट सांगितलंय, बोरखडीत एकही रुग्ण नाही. सगळी अफवा.”

“तुमचं चॅनल सरकारच्या मांडीवर बसलेलं!”

“आणि तुझं विरोधकांच्या खांद्यावर!”

बाबा डोलत ऐकत होते. कव्वाली रंगात यावी तसे खुशीत.

मुकुंदानं मोबाइल पुढं धरला. “बघा बाबा. चॅनलचा मालक कोण, जाहिराती कुणाच्या, बातमी आली कुठून... सगळं खणून काढलंय मी. आठवडाभर दुसरं काही केलं नाही.”

“बोरखडीत तुझी बहीण दिलीय ना रे?”

“हो. द्वारकाताई.”

“कशी आहे?”

मुकुंदानं पुढं धरलेला मोबाइल खाली घेतला.

“तिचा फोन बंद लागतोय,” मुकुंद म्हणाला. “म्हणून तर बातम्या बघतोय.”

“ओढा किती लांब?”

“टेकडी उतरली की आलाच.”

बाबा उठले. पायांत चपला घातल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि टेकडी उतरू लागले. दोघं मागोमाग निघाले.

उतारावर मुकुंद भराभर पावलं टाकू लागला. इतके दिवस बोरखडी म्हणजे एक बातमी होती. आता पावलापावलाला ती ताई होत चालली होती. लहानपणी त्याला ताप आला की कपाळावरच्या पट्ट्या बदलत उशाशी जागणारी ताई.

ओढ्यापलीकडं गावाची वाट बाभळीच्या काट्यांनी बंद केलेली. पाण्याकाठी एक बाई गोधडी धूत होती. तिनं मान वर केली, फकिराकडं पाहिलं, आणि तिच्या हातची गोधडी निघाली वाहत.

“अगं बाई... बाबा! तुम्ही तर गेला होता!”

“कुठं?” बाबांनी विचारलं.

“वर!” द्वारकाताई ओरडली. “टीव्हीवर सांगितलं! टेकडीवरचा फकीर साथीत गेला म्हणून. अख्खं गाव रडलं. मी गूळ-चपातीचा मलिदा केला तुमच्या नावानं!”

“कुठल्या चॅनलवर?” मुकुंद आणि यासीन एकदमच ओरडले.

“दोन्हीवर! एक म्हणालं, सरकारच्या चुकीनं गेले. दुसरं म्हणालं, स्वतःच्या चुकीनं गेले.”

मुकुंदानं यासीनकडं पाहिलं. यासीननं ओढ्याकडं.

मग ताईला भाऊ दिसला. तिनं पदर तोंडाला लावला. “मुकुंदा... तू टेकडीवर धडधाकट होतास? इतके दिवस? मला वाटलं, बाबांसंगं तूही...”

“ताई, तू कशी आहेस?” मुकुंदानं विचारलं.

“ताप आला होता, गेला. गावात पाच-सहा घरांत आला. डॉक्टरीणबाई येऊन गोळ्या देऊन जातात. सगळे उठून बसलेत.”

“आणि फोन?”

“तो मी गोधडीबरोबर धुतला मागच्या धुण्याला!”

मुकुंद हसला की रडला, त्याचं त्यालाच कळलं नाही. तो तसाच पाण्यात शिरणार, तोच बाबांनी मागून त्याचा सदरा धरला.

“लांबूनच. डोळे भरून बघ.”

तो बघत राहिला. ती वाळली होती. पण उभी होती, आणि वाहून गेलेल्या गोधडीवरून आता यासीनला कामाला लावत होती. यासीन गुडघाभर पाण्यात धावत खालच्या अंगाला गेला आणि गोधडी काठावर ओढून आला.

बाबांनी घसा खाकरला. “पोरी, मलिदा उरलाय का?”

ताई पळतच गेली. झाकलेली वाटी आणून तिनं ओढ्यातल्या खडकावर ठेवली आणि मागं सरली. बाबांनी ती उचलली, काठावर मांडी घातली, आणि फडकं खाली करून पहिला घास घेतला.

“वा! आपल्या मयतीचा मलिदा आपल्याच तोंडात... गूळ झकास पडलाय गं!”

त्यांनी वाटी दोघांपुढं केली. अलीकडं तिघं आणि पलीकडं ताई, पोट धरधरून हसले.

परतताना चढावर मुकुंद थांबला. बोटं अजून मलिद्यानं चिकट होती, पण प्रश्न काही सुटला नव्हता.

“बाबा, प्रत्येक गावाच्या ओढ्यावर काही जाता येत नाही. जग मोठं आहे. मग खरी बातमी ओळखायची कशी?”

बाबा दम घेत उभे राहिले. म्हणाले,

“जी ऐकली की माणूस पायांत चपला घालतो, ती.”