एकतीस अर्थ आणि एक भाकरी

"मग यातला कुठला काढू, बुवा? एकतीसच्या एकतीस पाठ आहेत!"

सुगंधाबाईनं वही सोपानगिरी बुवांच्या मठातल्या चुलीपुढं आपटली.

बाई खानावळवाली. चौथी पास, पण तिच्या तोंडाला लागायची गावात कुणाची टाप नव्हती. आज दुपारच्या गाडीनं तिचा भालचंद्र परदेशातून बायको घेऊन येणार होता. गोरी सून, पहिल्यांदाच. तिच्यापुढं आपली बोबडी वळली तर? या धास्तीनं बाईनं महिनाभर इंग्रजीतलं एकच क्रियापद घोकलं होतं... टेक. म्हणजे घेणे, आणि वहीत त्याचे एकतीस अर्थ.

"एकच का गं?"

"एकात एकतीस कामं होतात, तर दहा कशाला शिकू? औषध प्यालं तरी टेक. फोटो काढला तरी टेक. वेळ लागला तरी टेकच. आणि बुवा, आपण परीक्षा देतो ना, ती लोकं तीसुद्धा घेतात!"

"म्हणजे देणाराच घेतो?"

"तर काय! सगळं उफराटं मेल्यांचं."

बुवा खदखदून हसले. तव्यावरची भाकरी त्यांनी विस्तवाला लावली, टम्म फुगवली, आणि तिच्यापुढं धरली.

बाई भाकरीकडं बघत राहिली. हे कितव्यात बसतं? पहिल्यात, का नवव्यात? नववा तर 'स्वीकारणे'... ती वही उलटायला लागली.

बुवांचा हात तसाच.

मठातलं खांड्या कुत्रं आलं, भाकरी तोंडात धरली आणि पसार झालं.

"हाड! हाड मेल्या!"

"त्याला किती अर्थ येत असतील गं?"

बाईनं वही मिटून चुलीपुढं ठेवली.

बुवांनी दुसरी भाकरी थापली, शेकली, पुढं केली. या खेपेला बाईनं ती मुकाट्यानं पदरात घेतली.

तेवढ्यात दारातनं हाक आली. "आई! घराला कुलूप दिसलं. म्हटलं, इथंच भांडत बसली असशील."

भालचंद्र! आणि त्याच्या मागं ती. रूथ. उंचच्या उंच, उन्हानं नाक लाल झालेलं. हातात घड्या पडून मऊ झालेला कागद. ओठ हलत होते, शब्द काही फुटत नव्हता.

अगंबाई, ही पण मराठी घोकूनच आलीय!

बाईनं डोक्यात एकतीस शोधले. एकही जागेवर नव्हता. सगळे पळालेले, खांड्याच्या मागं.

...

तिनं पदरातली भाकरी पुढं केली.

पोरीनं कागद काखेत मारला, दोन्ही हातांनी भाकरी घेतली आणि "आऽ" करून ओरडली. चटका! तरी सोडली नाही. अर्धी मोडली, सासूपुढं धरली.

सासूनं घेतली. दोघी बोटांवर फुंकर मारत हसत सुटल्या. भालचंद्र मधे उभा, कुणाला काय समजवायचं ते त्याला कळेना.

डोळे पुसत बाई वळली. "बुवा, हा कितवा हो?"

बुवांनी चुलीपुढची वही उचलून विस्तवाला वारा घातला.

"चटणी कोनाड्यात आहे. बेतानं वाढ, पोरीला तिखट लागेल."