चिंबू खेकडा आणि लालचुटुक जाम

समुद्रात एक बेट होतं. त्याचं नाव शिंपलेबेट.
बेटावर एक बाग होती. हिरवी हिरवी गार.
बागेत माड होते. पोफळी होत्या. केळी होत्या. काटेरी शेंडीचे अननस होते.

सुट्टीच्या दिवशी बेटावर होडी यायची. फट् फट् फट् फट्!
होडीतून माणसं यायची. कुणी बागेत फिरायचं. कुणी वाळूत लोळायचं. कुणी नुसतंच पाण्यात पाय सोडून बसायचं.

त्या वाळूत एक खेकडा राहायचा. एवढ्ढासा! तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा.
त्याचं नाव चिंबू.

एके दिवशी चिंबू म्हणाला, "सगळे बाग बघतात. मीपण बघणार!"
आणि निघाला.
आडवा आडवा, तुरुतुरु. आडवा आडवा, तुरुतुरु.

बागेच्या दारातच जामाचं झाड होतं. झाडावर एकच जाम होतं. या वर्षीचं अगदी शेवटचं. लालचुटुक!
चिंबूने वर पाहिलं. तोंडाला पाणी सुटलं.
तेवढ्यात, टप्! जाम पडलं. चिंबूच्या पुढ्यातच पडलं.
"माझं जाम!" चिंबूने दोन्ही नांग्या उघडल्या.
पण जाम कसलं थांबतंय? गड गड गड गड... गेलं घरंगळत!

शेजारी पाण्याचा पाट होता. पाट आज कोरडा होता. जाम पाटात पडलं. पाटावर एक दगड ठेवलेला होता. जाम त्या दगडाखाली गेलं. आणि अडकलं. गच्च!

चिंबू दगडाखाली शिरला. त्याने जाम ढकललं. हललं नाही.
ओढलं. हललं नाही.
पाठ लावून रेटलं. हुश्श! तरी हललं नाही.
"पाटाला पाणी आलं, तर जाम निघेल," चिंबू म्हणाला.

आडवा आडवा, तुरुतुरु. चिंबू गेला विहिरीवर. पाणी होतं खोल खोल खाली.
"पाण्या, पाण्या, पाटातून वाहा ना!"
"का रे चिंबू?"
"माझं जाम निघेना.
मी खाऊ काय?"
पाणी म्हणालं, "डुबुक! मी इतकं खाली. वर येऊ कसं? रहाट फिरला, तर मी वाहीन."

आडवा आडवा, तुरुतुरु. चिंबू गेला रहाटाकडे. रहाट म्हणजे विहिरीवरचं मोठ्ठं चाक. चाकाला बांधलेली मडकीच मडकी.
"रहाटा, रहाटा, गरगर फिर ना!"
"का रे चिंबू?"
"पाणी वाहेना.
माझं जाम निघेना.
मी खाऊ काय?"
रहाट म्हणाला, "कुईं! मी आपला आपण फिरत नाही. बैल चालला, तर मी फिरेन."

आडवा आडवा, तुरुतुरु. चिंबू गेला बैलाकडे. बैल सावलीत बसला होता. डोळे मिटून रवंथ करत होता.
"बैला, बैला, गोल गोल चाल ना!"
बैलाने एक डोळा उघडला. "का रे चिंबू?"
"रहाट फिरेना.
पाणी वाहेना.
माझं जाम निघेना.
मी खाऊ काय?"
बैल म्हणाला, "हंबाऽ! रोज तेच सुकं गवत. केळीचं हिरवं पान मिळालं, तर मी चालेन."

आडवा आडवा, तुरुतुरु. चिंबू गेला केळीकडे.
"केळी, केळी, एक पान दे ना!"
"का रे चिंबू?"
"बैल चालेना.
रहाट फिरेना.
पाणी वाहेना.
माझं जाम निघेना.
मी खाऊ काय?"
केळ म्हणाली, "घे की! पण कापणार कोण? तुझी नांगी इवलीशी. बाबलकाका उठले, तर मी पान देईन."

बाबलकाका म्हणजे बागेचे माळी. दोन झाडांना जाळीचा पाळणा बांधलेला. काका पाळण्यात आडवे. तोंडावर टोपी. घुर्रर्र, घुर्रर्र!
आडवा आडवा, तुरुतुरु. चिंबू दोरीवरून पाळण्यात चढला.
"काका, काका, झटकन उठा ना!"
काकांनी टोपी जराशी वर केली. "काय रे झिला?" झिला म्हणजे मुला. काका सगळ्यांनाच झिला म्हणायचे.
"केळ पान देईना.
बैल चालेना.
रहाट फिरेना.
पाणी वाहेना.
माझं जाम निघेना.
मी खाऊ काय?"
काका म्हणाले, "आज माझी सुट्टी, झिला! घसा सुकला माझा. गोड गोड शहाळं मिळालं, तर मी उठेन."
आणि टोपी पुन्हा तोंडावर. घुर्रर्र, घुर्रर्र!

आडवा आडवा, तुरुतुरु. चिंबू गेला माडाकडे. माड इतका उंच, की चिंबूची मानच दुखली.
"माडा, माडा, शहाळं टाक ना!"
"का रे चिंबू?"
"काका उठेनात.
केळ पान देईना.
बैल चालेना.
रहाट फिरेना.
पाणी वाहेना.
माझं जाम निघेना.
मी खाऊ काय?"
माड म्हणाला, "शहाळी खूप. पण मला हलवायला कुणी हवं. वारा सुटला, तर मी शहाळं टाकेन."

आता वारा कुठे शोधायचा?
चिंबूने झाडावर पाहिलं. पान हलत नव्हतं.
चिंबूने आभाळात पाहिलं. ढग हलत नव्हता.
मग त्याने समुद्राकडे पाहिलं. वारा तिथे होता! पाण्यावर पालथा पडला होता, आळशी कुठला.
आडवा आडवा, तुरुतुरु. चिंबू एका खडकावर चढला. मोठ्ठ्याने ओरडला,
"वाऱ्या, वाऱ्या, भर्रकन सूट ना!"
"का रे चिंबू?"
"माड शहाळं टाकेना.
काका उठेनात.
केळ पान देईना.
बैल चालेना.
रहाट फिरेना.
पाणी वाहेना.
माझं जाम निघेना.
मी खाऊ काय?"
वाऱ्याने जांभई दिली. "एकटा एकटा पळून कंटाळलो मी. मला खेळायला हवं. त्या केतकी नावाच्या मुलीकडे भिरभिरं आहे. तिने ते वर धरलं, तर मी सुटेन."

आडवा आडवा, तुरुतुरु. चिंबूचे पाय दुखले. सगळे दुखले. त्याला पाय काही थोडे नव्हते!
तरी तो गेला.

केतकी होडीतून आली होती. मावशीबरोबर बाग बघायला. पण बाग बघायची सोडून ती खडकाशी बसली होती. गाल फुगलेले. डोळे ओले. मांडीवर पिवळं भिरभिरं, गप्प.
"केतकी, केतकी, भिरभिरं धर ना!"
"नाही धरणार!" केतकी म्हणाली. मग तिने खाली पाहिलं. "अय्या! इवलासा खेकडा! का रे, काय झालं?"
चिंबूने मोठ्ठा श्वास घेतला.
"वारा सुटेना.
माड शहाळं टाकेना.
काका उठेनात.
केळ पान देईना.
बैल चालेना.
रहाट फिरेना.
पाणी वाहेना.
माझं जाम निघेना.
मी खाऊ काय?"

केतकीने नाक ओढलं. "तुझं जाम अडकलं. माझी घुंगरी अडकली. पैंजणाची घुंगरी. त्या खडकाच्या फटीत पडली. मी बोट घातलं, जाईना. मावशीने काडी घातली, पोचेना. घुंगरी मिळाली, तर मी भिरभिरं धरेन."
"फट फारच बारीक आहे गं," मावशी म्हणाली. "आपण दुसरी घुंगरी आणू या."
"नको! मला तीच हवी!"

आता कुणाकडे जायचं?
चिंबूने इकडे पाहिलं. कुणी नाही.
चिंबूने तिकडे पाहिलं. कुणी नाही.
मग चिंबूने फटीकडे पाहिलं. फट एवढीशी.
मग चिंबूने स्वतःकडे पाहिलं. चिंबूही एवढासाच!
"हा चिंबू जातो आत," चिंबू म्हणाला.

फटीत काळोख होता. गार गार होतं. चिंबूने आत डोकावलं. तो थांबला.
मग त्याने एक पाय आत टाकला. मग दुसरा. मग सगळे.
आडवा आडवा... तुरु... तुरु...
चिंबू दिसेनासा झाला.

केतकी वाकली. मावशी वाकली.
"चिंबू?" केतकी हळूच म्हणाली.
काहीच आवाज नाही.
"ए चिंबू, राहू दे घुंगरी. तू ये बाहेर!"

आणि आतून आवाज आला.
छुम्!
छुम् छुम्!
फटीतून आधी एक नांगी आली. नांगीत घुंगरी! मागून आला चिंबू. अंगभर वाळू.
"मिळाली, मिळाली! माझी घुंगरी मिळाली!" केतकी टाळ्या पिटत उठली.
मावशी म्हणाली, "शाब्बास रे पठ्ठ्या!"

मग काय!
केतकीने भिरभिरं उंच धरलं.
वारा सुटला. भर्रर्र! भिरभिरं फिरलं. फिर फिर फिर फिर!
माड हलला. सळ सळ सळ!
शहाळं पडलं. धप्प!
काका उठले. "अरे वा, शहाळं!" त्यांनी ते कोयत्याने सोललं आणि पाणी प्यायलं. गट गट गट गट!
काका कोयता घेऊन केळीकडे गेले. केळीने पान दिलं. सप्प!
बैलाने पान खाल्लं. मच मच मच मच!
बैल चालला. गोल गोल, ठप ठप!
रहाट फिरला. कुईं कर्रर्र, कुईं कर्रर्र!
पाणी वर आलं. पाटातून वाहिलं. खळ खळ खळ खळ!

चिंबू पाटाच्या काठावर उभा. श्वास रोखून बघतोय.
पाणी दगडाखाली गेलं. जाम हललं का?
थोडंसं.
आणखी पाणी आलं.
आणखी थोडंसं.
खळखळून पाणी आलं आणि, सुळ्ळकन! जाम बाहेर!

"माझं जाम!" चिंबू ओरडला. पण जाम थांबलंच नाही. पाण्यावर तरंगत पुढे निघालं. लाल लाल होडीसारखं.
"उडी मार, चिंबू!" केतकी ओरडली.
"मार झिला, मार!" बाबलकाका ओरडले.
चिंबूने मारली उडी. टुण्णकन! जामावर जाऊन बसला.

डुलत डुलत जाम चाललं. चिंबू त्यावर बसून चालला. काठाने केतकी पळत होती. भिरभिरं फिर फिर फिर.
पोफळी गेल्या. सरळ सरळ, उंच उंच.
केळी गेल्या. पानांच्या हिरव्या छत्र्या.
अननस गेले. डोक्यावर काटेरी शेंड्या.
एक बेडूक काठावरून म्हणाला, "डराँव! कुठे निघालास?"
"बाग बघायला!" चिंबू म्हणाला.

जास्वंदीपाशी पाट संपला. पाणी झाडाच्या आळ्यात शिरलं. जाम मातीला टेकलं. टुक!
चिंबू खाली उतरला. केतकी त्याच्याजवळ येऊन बसली.
चिंबूने नांगी उगारली. जामाला लावली.
कुर्रम्!
रस उडाला. त्याच्या डोळ्यांवर उडाला.
"गोड आहे?" केतकीने विचारलं.
चिंबू काही बोललाच नाही. तोंड भरलेलं होतं ना!
कुर्रम् कुर्रम्, कुर्रम् कुर्रम्.

जाम गेलं पोटात,
गोष्ट गेली कानात.
पोट झालं टुम्म,
आता बसा गुमान गुम्म!