टिटवी जागची उठली

देवळांना अजून दारं नव्हती तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या एका देवळात रोज दुपारी पुराण चाले आणि शिखराच्या कोनाड्यात राहणारा राघू ते ऐकून रानभर सांगत सुटे.

"पोथीत काय आलंय ठाऊक आहे?" एकदा तो नदीच्या वाळवंटातल्या टिटवीला म्हणाला. "खरी पक्षीण वणवा आला तरी घरट्यावरून उठत नाही. आणि तू? जरा चाहूल लागली की भुर्र!"

 टिटवीची अंडी उघड्यावर, गोट्यांमध्ये गोट्यांसारखीच पडलेली. 'मी कसली आई!' असं म्हणत ती अंड्यांवर घट्ट बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मुंगूस आलं. तिचा जोडीदार टिटवा वरून ओरडला, "अगं, ऊठ! अंडी दिसत नाहीत, तू दिसतेस!"

ती हलेना. मुंगूस हातभर अंतरावर येऊन हुंगू लागलं, तेव्हा मात्र तिला राहवेना. एक पंख मोडल्यासारखा फरफटवत ती त्याच्यासमोरून पळाली. मुंगूस मागे लागलं. करंजाच्या झुडपापर्यंत त्याला नेऊन ती उडाली.

परतली तर राघू हजर. "उठलीसच ना शेवटी! मग पोथी काय खोटी?"

"खोटी कशाला असेल, राघूभाऊ?" ती धापा टाकत म्हणाली. "लिहिणाऱ्यानं झाडावरचं घरटं पाहिलं असेल. तुम्ही जरा हळू बोला. मुंगूस अजून झुडपातच आहे."