लेकाच्या मनगटावरची वेल

बाळांनो, नदीच्या दोन काठांना दोन जंगलं होती, आणि तिथून दीड दिवसाच्या वाटेवर एक उघडाबोडका कातळ होता. त्या कातळावर एक वानरी आपल्या लेकाला घेऊन राहत असे. झाडं म्हणाल तर तिथे नुसत्या बोरी. काटे असे की वर चढायची सोय नाही. म्हणून तिथली वानरं खालून दगड मारूनच बोरं पाडत. पोटासाठी सगळं, कुणी शिकवावं लागत नसे. पण या वानरीच्या लेकाचा हात काही निराळाच होता. सांगाल ते बोर, सांगाल त्या फांदीवरचं, एका दगडात खाली. दगड सुटला की कानाला नुसता सूंऽ असा आवाज ऐकू येई.

ही बातमी दोन्ही जंगलांत पोचली. त्यांचा एक खेळ होता. दर फाल्गुनात नदीच्या वाळूत एका जंगलाचा गडी सुकं कवठ फेकी, आणि दुसऱ्या जंगलाचं अस्वल ते दांडक्याने टोलवी. जिंकेल त्या जंगलाला उन्हाळाभर नदीतल्या डोहाचं पाणी. म्हणायला खेळ, पण हरलेल्या जंगलात चैत्र सरता सरता पाडसं मरत. त्यामुळे चांगला फेकणारा कुठल्याही मुलखातून का होईना, आपल्याकडे ओढायचा, ही दोन्ही राजांची धडपड. फक्त दोघांनी मिळून एक ठराव केला होता, की सुळे फुटल्याशिवाय परमुलखातलं पोर आणायचं नाही. तोवर हवा तर शब्द द्यावा. शब्द दिला की पोराच्या मनगटाला गुळवेल बांधायची, आणि एकाने वेल बांधली की दुसऱ्याने तिकडे फिरकायचं नाही.

आधी आला पश्चिमेच्या जंगलाचा रानबोका. गोड बोलला. पोराला आमच्याकडे द्या, डोहाकाठचं एक उंबर तुम्हा मायलेकरांचं, असं म्हणाला. चार दिवसांत पूर्वेचा कोल्हा येऊन दोन उंबरं बोलून गेला. बोका पुन्हा आला, तीन म्हणाला. वानरीला आयुष्यात कुणी पाहुणा म्हणून विचारलं नव्हतं. आता दारात रांग लागली. शेजारणी तिला 'उंबरवाल्या बाई' म्हणून चिडवू लागल्या, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडू लागलं. कळपातल्या थोरल्या वानराने तेवढं सांगून पाहिलं, की बाई, हा ओढतो म्हणून तो ओढतोय, पोराची माया कुणालाच नाही. वेल बांधायला येईल त्याला एक विचारून घे, ही सोडायची कुणी?

वानरीला ते पटलं नाही असं नव्हे. पण शब्द द्यायला आलेल्याला शब्द मोडायचं विचारायचं, हे कातळावर अशुभ मानत. कोल्ह्याने चार उंबरं म्हटली, वेल पुढे केली, आणि तिने काही न विचारता लेकाचा हात पुढे धरला. पोराचे तेव्हा दुधाचे दातसुद्धा पडले नव्हते.

जाताना कोल्हा म्हणाला, "राजा बोरं मोजत नाही, अक्का. राजा वेग बघतो."

झालं. त्या दिवसापासून पोराचं हुंदडणं संपलं. उजाडल्यापासून मावळेपर्यंत दगड, आणि दगडही रोज जरा जड. बोरं पाडायला पोटापुरतेच दगड लागतात, बाळांनो. राजाला दाखवायला किती लागतात याला अंत नाही. वर्ष उलटलं आणि एक दिवस पोर म्हणालं, "आई, खांद्यात काहीतरी सरकतं." तिने निर्गुडीचा पाला चावून खांद्यावर थापला. दुसऱ्या दिवशी कोल्हा पाहणीला यायचा होता. तो येताना दिसल्यावर वानरी लेकाच्या कानाशी लागून म्हणाली, "तो असेपर्यंत तोंड वाकडं करू नकोस, राजा. चार उंबरं आहेत."

पोराने तोंड वाकडं केलं नाही. त्याने त्या दिवशी फेकलेला दगड सगळ्यात जोराचा होता. कोल्हा मान डोलवत गेला, आणि त्यानंतर पोराला हात कानापर्यंतसुद्धा नेता येईना.

पुढे सुळे फुटले. वानरीने लेकाचं अंग साफ केलं, त्याला कातळाच्या कडेला बसवलं आणि दोघं वाट पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी कोल्हा आला. पश्चिमवाले दक्षिणेच्या घाटातून एक दांडगं माकड आणणार असं आमच्या राजाच्या कानावर आलं, म्हणून राजाने घाईघाईने होती नव्हती ती सगळी उंबरं त्याच माकडाला देऊन टाकली, असं त्याने सांगितलं. आणि पुढे होऊन पोराच्या मनगटावरची वेल दातांनी तोडली.

"शब्द होता ना, दादा?" वानरीने विचारलं.

"शब्द आम्ही दिलेला, अक्का. तो आम्हाला परत घेता येतो. तुम्हाला घेता आला नसता, एवढंच." हे तो दुष्टपणाने बोलला नाही. त्याला अजून दोन कातळ गाठायचे होते.

वानरीने लेकाला घेतलं आणि दीड दिवस चालून पश्चिमेचं जंगल गाठलं. बोक्याने आधी पोराच्या मनगटावरचा वळ पाहिला. मग एक कवठ पुढे लोटून फेक म्हणाला. पोराने दात आवळून फेकलं. कवठ पाच पावलांवर पडलं. बोका बराच वेळ आपला पंजा चाटत बसला. शेवटी म्हणाला, यंदा डोह आमचा आहे, घोट घोट पाणी प्या आणि ऊन चढायच्या आत निघा.

आता त्या पोराला स्वतःपुरतं बोरही पाडता येत नाही. आई पाडते तेव्हा ते खातं. डाव्या हाताने दगड मारून पाहतं, तो भलतीकडेच जातो.

पुढच्या वर्षी कोल्हा ताज्या वेली घेऊन पुन्हा कातळावर आला. वानरी त्याच्या वाटेत आडवी उभी राहिली आणि पोरं घेऊन रांगेत उभ्या असलेल्या आयांना म्हणू लागली, की बायांनो, वेल सोडायची कुणी, एवढं आधी विचारा. एकीने तिला बाजूला सारलं. "तुझ्या लेकाचा हात गेला म्हणून आम्ही हात बांधून बसायचं होय?" बाकीच्या हसल्या. कोल्ह्याने पाच पोरांना वेली बांधल्या.

संध्याकाळी त्यातलं सगळ्यात लहान पोर वानरीच्या लेकाजवळ आलं आणि दगड कसा धरायचा म्हणून विचारू लागलं. लेक मनाचा चांगला. त्याने डाव्या हाताने त्याची इवली बोटं दगडावर नीट बसवून दिली. वानरी समोरच बसली होती. 

तात्पर्य : आपल्या लेकराच्या गुणासाठी दोघे भांडू लागले, तर त्यांना लेकरू हवं आहे असं समजू नये, आणि जो शब्द देणाऱ्यालाच मोडता येतो, त्याच्या भरवशावर लेकराचा हात पुढे करू नये.