खैरमाळची पार्बता

तुमच्या पणजीच्याही आधीची ही गोष्ट. तेव्हा खैरमाळच्या शिवारातून नवी रेल्वे धावू लागली होती, पण गावात थांबत नव्हती. गावाचं पोट सीताफळांवर. काढलेलं फळ दोन दिवसांत मऊ पडायचं, आणि बैलगाडीनं बाजार तीन दिवसांवर. निम्म्या टोपल्या वाटेतच ओताव्या लागत.

गावात पार्बता नावाची विधवा होती. तिचं शेत रुळाला लागून. ती पायी चालत रेल्वेच्या साहेबाकडे गेली.

"आमच्या गावात गाडी थांबवा," ती म्हणाली.

"गाडी थांबते ती इंजिनाला पाणी पाजायला," साहेब म्हणाला. "तुमच्या माळावर पाणी आहे?"

"अजून नाही," पार्बता म्हणाली, आणि घरी येऊन तिनं पहार उचलली.

शेताच्या कडेला ती एकटीच विहीर खणू लागली. आठ दिवसांनी तिची जाऊ मदतीला आली, मग गावच्या बायका आल्या. चाळीस हातांवर काळा कातळ लागला. पहारी वाकल्या.

"आता पुरे कर," जाऊ म्हणाली.

इतक्यात वर शेजारच्या रुळावरून गाडी गेली आणि विहीर थरथरली. पार्बतेनं कातळाला कान लावला.

"खाली पाणी हलतंय," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्या वर जा."

असं म्हणतात, तिच्या एका घावानं कातळ उभा चिरला, आणि पाणी असं चढलं की पोहता न येणारी पार्बता पाण्यावर बसूनच वर आली.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबाच्या टेबलावर भरली घागर ठेवली. साहेब ओंजळभर प्यायला.

"गोड आहे," तो म्हणाला, "पण एका इंजिनात तुझी विहीर आटेल."

"आणून बघा."

गाडी आली. इंजिन पोटभर प्यायलं. असं म्हणतात, विहीर बोटभरही उतरली नाही. त्या दिवशी साठ टोपल्या डब्यात चढल्या, आणि संध्याकाळी कडक सीताफळं बाजारात उतरली.

पुढे पार्बता गेली. डिझेलचं इंजिन आलं, त्याला पाणी नको होतं. खैरमाळला थांबू नये असा हुकूम निघाला. असं म्हणतात, पहिल्याच दिवशी ते इंजिन विहिरीसमोर आपोआप उभं राहिलं आणि शेवटची टोपली चढेपर्यंत जागचं हललं नाही. हुकूम मागे घेतला गेला.

आजही हंगामाच्या पहिल्या गाडीला गावातली थोरली बाई विहिरीच्या पाण्याचा तांब्या घेऊन जाते. ड्रायव्हर ते पाणी पितो, मगच शिट्टी होते. तिकिटावर नाव खैरमाळ असतं. पण गावातलं कुणी स्टेशनवर जात नाही. टोपली घेऊन निघालेल्या बाईला विचारा, कुठं चाललात? ती सांगेल, "पार्बतेकडे."