राजवाड्यातले दोन श्वान

एका राज्यात राजा वारला, आणि त्याचे दिवस सरायच्या आतच राजवाड्यात दोन कुत्रे राहायला आले. एक तांबडा, एक पांढरा. प्रजा राजवाड्यापुढे जमली आणि राजपुत्र कुठे आहेत, असे विचारू लागली. वृद्ध प्रधान श्रीधर सज्जात आला, त्याने डोळे पुसले आणि सांगितले, हेच आपले राजपुत्र.

घडले होते ते असे. राजा विक्रांताला दोन पुत्र आणि एक कन्या. थोरला भूपाल, मधली वसुमती, धाकटा रणजय. राजाने आपले सारे धन काळ्या डोंगराच्या गुहेत ठेवले होते, आणि गुहेच्या दाराशी त्रिकाळनाथ नावाचा मांत्रिक राखणीला बसवला होता. पित्याची राख निवते न निवते तोच दोघे भाऊ त्या दाराशी पोचले. वाटणीवरून शब्द झाले, शब्दांवरून तलवारी झाल्या. वसुमती घोडा पिटाळीत मागोमाग गेली, तोवर रणजयाच्या तलवारीने भूपालाचा डावा कान चिरला होता. त्रिकाळनाथाने कमंडलूतले पाणी शिंपडले. तलवारी गळून पडल्या, आणि त्यांच्यापाशी दोन कुत्रे, तांबडा भूपाल आणि पांढरा रणजय, एकमेकांवर दात विचकीत उभे राहिले.

वसुमतीने मांत्रिकाचे पाय धरले. भाऊ चुकले, पण राज्य पोरके होईल, असे तिने विनवले.

त्रिकाळनाथ म्हणाला, "दोघांना एकाच छपराखाली ठेव. ज्या दिवशी हवीशी वस्तू समोर असता ती सोडून दोघे बरोबर निघून जातील, त्या दिवशी शाप उतरेल. साखळी, चाबूक किंवा मंत्र वापरलास तर कधीच उतरणार नाही. आणि एकाचा जीव दुसऱ्याच्या दाताने गेला, तर उरलेला जन्मभर श्वानच राहील."

वसुमती दोघांना घेऊन घरी आली. त्यांना माणूसपण आठवत नव्हते. बहीण तेवढी वासाने ओळखू येत होती, आणि ती दोघांनाही हवी होती.

तिला वाटले, एका ताटात जेवले की माया वाढेल. म्हणून तिने चांदीच्या एकाच परातीत दूधभात कालवला आणि दोघांना हाक मारली. पहिला घास पोटात जायच्या आत परात उलटली आणि फरशीवर रक्त सांडले. वसुमतीने मध्ये हात घातला, तर कुणाचा दात लागला कळलेही नाही. मनगट फाटले. तांबडा आधी गुरगुरला होता, म्हणून ती त्याला रागे भरली आणि तिने पांढऱ्याला मांडीवर घेतले. पुढे तांबडा कधी गुरगुरला नाही. तो गप्प उभा राही आणि एकदम तुटून पडे. एकदा पांढऱ्याचा गळा त्याच्या दातात सापडला, आणि पाणक्याने घागरभर पाणी ओतले म्हणून पांढरा वाचला.

प्रधानाने दोन लोखंडी पिंजरे करवून आणले. राजपुत्र श्वान राहिले तरी चालतील, पण जिवंत राहावेत, असे त्याचे म्हणणे होते. वसुमतीने पिंजरे परत धाडले. पण त्या दिवशी तिला अन्न गोड लागले नाही, कारण प्रधान चुकीचे बोलला होता असे तिला म्हणता येईना.

राजवाड्याच्या बागेत एक उंबर होता आणि त्यावर एक भारद्वाज राहत असे. त्याला बोलता येत होते, पण कोणी विचारले तरच तो बोले, आणि कित्येक वर्षांत कोणी विचारले नव्हते. वसुमती उंबराखाली बसली आणि तिने आपले दुःख सांगून त्याला उपाय विचारला.

भारद्वाज म्हणाला, "तीन कामे आहेत. पहिले काम. भांडणाआधीचा क्षण शोधून आण."

वसुमतीने विचारले, तो कुठे सापडतो?

"तुझ्याच घरात. भांडण सगळे पाहतात. त्याच्या आधीचे कोणी पाहत नाही."

तेव्हापासून वसुमती ओटीवर सुताचा चरखा घेऊन बसू लागली. हात सूत काढीत, डोळे कुत्र्यांवर असत. आधी तिला काही दिसेना. मग हळूहळू दिसू लागले. पांढरा धावत आला की तांबड्याचे अंग ताठ होई, शेपूट थिजे, श्वास थांबे. पांढरा डोळे रोखी. जेवणघराच्या अरुंद दारात दोघे एकदम शिरू पाहत तेव्हा असे होई. जुने हाड कोपऱ्यात राहिले असले की असे होई. आणि सर्वांत अधिक वेळा असे होई ते ती स्वतः एकाला कुरवाळीत असता दुसरा जवळ आला म्हणजे. हे दिसले तेव्हा तिच्या हातातले सूत तुटले.

तिने हे सगळे भारद्वाजाला जाऊन सांगितले.

तो म्हणाला, "आता तो क्षण येऊच देऊ नकोस. आणि गुरगुरण्यावर रागावू नकोस. ती त्याची बोली आहे. बोली हिरावून घेतलीस, म्हणून तो आता न सांगता चावतो."

वसुमतीने गवंडी बोलावून जेवणघराला दुसरे दार पाडले. तांबड्याचे ताट पूर्वेच्या चौकात गेले, पांढऱ्याचे पश्चिमेच्या. जेवण झाले की ताटे उचलली जात, हाडे वेचली जात. दोघांची अंथरुणे दोन दालनांत पडली, आणि एकाने दुसऱ्याच्या दालनात जायचे नाही हे तिने दारात उभे राहून, शांतपणे वाट अडवून शिकवले. ती दोघांना प्रेम देई, पण वेगवेगळे. अंगे ताठताना दिसली की ती मध्ये हात न घालता एकाला नावाने हाक मारी, आणि तो वळून आला की त्याला गुळाचा खडा देई. मारामाऱ्या कमी झाल्या, थांबल्या मात्र नाहीत. पांढरा डाव्या बाजूने गेला की तांबडा अजून उसळे.

"दुसरे काम," भारद्वाज म्हणाला. "ज्याला दुखते तो भांडतो. थोरल्याचे दुखणे काढ. त्याला उलटवाहिनीचे पाणी लागेल."

उलटवाहिनी नदी समुद्रातून निघून डोंगरावर चढत असे. वसुमती तिथे पोचली आणि तिने घाईघाईने कलश बुडवला. वर काढला तो कोरडा. पुन्हा बुडवला, पुन्हा कोरडा. काठावर एक कासव ऊन खात होते. ते म्हणाले, "घाईच्या हाताला ही नदी पाणी देत नाही."

घरी दोघे एका छपराखाली, आणि आपण इथे. या विचाराने तिचा जीव उडाला होता. तरी ती काठावर बसली. पाणी खडकांवरून वर चढताना पाहत राहिली. ऊन कलले, श्वास संथ झाला, प्रधान सांगितल्याप्रमाणे दोन्ही चौकांची दारे लावील हा विश्वास मनात बसला. तेव्हा तिने कलश पाण्यावर टेकवला आणि नदी आपण होऊन त्यात चढली.

घरी येऊन तिने तांबड्याच्या डाव्या कानात थेंब थेंब पाणी सोडले. तो कण्हला, पण त्याने डोके तिच्या गुडघ्यावरून उचलले नाही. कानातून तलवारीच्या पोलादाची एक कपची बाहेर आली. एवढे दिवस ती आत रुतून होती, आणि त्या बाजूने कोणी आले की त्याला वाटे, पुन्हा वार होतो आहे. आपण त्याला रागे भरलो होतो, हे वसुमतीला आठवले. तिने त्याची क्षमा मागितली. तो तिथेच झोपी गेला.

"तिसरे काम," भारद्वाज म्हणाला. "त्यांना बरोबर चालायला शिकव. घरात नव्हे, कारण घर दोघांचेही आहे. जी वाट कुणाचीच नाही, त्या वाटेने चालव. आणि चालता चालता गुहेपर्यंत ने."

रोज सकाळी ती आणि प्रधान माळावर जाऊ लागले. तांबडा तिच्यासोबत, पांढरा प्रधानासोबत, मध्ये अख्ख्या शेताएवढे अंतर. दोघांची तोंडे एकाच दिशेला. हळूहळू ते अंतर बांधाएवढे झाले, मग पायवाटेएवढे झाले. प्रधान म्हातारा माणूस. दम लागला म्हणून एके सकाळी तो दगडावर बसला आणि पांढरा आपण होऊन वसुमतीच्या दुसऱ्या अंगाला येऊन चालू लागला. तांबड्याने त्याच्याकडे पाहिले, मग वाटेकडे पाहिले, आणि चालत राहिला. प्रधानाने पागोटे काढून मांडीवर ठेवले आणि बराच वेळ तो तसाच बसून राहिला.

एका सकाळी ती वाट काळ्या डोंगराशी पोचली. गुहेच्या दारात त्रिकाळनाथ बसला होता. त्याने काही न विचारता सांबराची भाजलेली मांडी दोघांच्या पुढ्यात टाकली. तिचा वास साऱ्या डोंगरावर पसरला.

तांबड्याची शेपूट थिजली. पांढऱ्याचे डोळे रोखले गेले. वसुमतीने तो क्षण ओळखला. ओरडावे असे वाटले, मांडी उचलून दरीत फेकावी असे वाटले. पण तिने यातले काही केले नाही. रोज ज्या स्वरात म्हणे त्याच स्वरात ती म्हणाली, "चला." आणि पाठ फिरवून चालू लागली.

मागे सामसूम होती. मग वाळल्या पाचोळ्यावर पावले वाजली. एकाचीच. तांबडा तिच्या उजव्या हाताशी आला. आता मांडी सारी पांढऱ्याची होती, अडवणारे कोणी नव्हते. वसुमती वळली नाही. तिने चालणे हळू केले, एवढेच. आणि मग दुसरी पावले वाजली, आधी एकेक, मग धावत.

उतारावर गवताचा मोकळा तुकडा होता. ती तिथे बसली. दोघे कुत्रे दोन बाजूंना आडवे झाले, मग तांबड्याच्या पाठीला पांढऱ्याने पाठ लावली आणि डोळे मिटले. वसुमतीने क्षणभर तोंड ओंजळीत लपवले. ओंजळ काढली तेव्हा गवतात तिचे दोन भाऊ झोपले होते.

त्रिकाळनाथ खाली आला. "साखळी, चाबूक, मंत्र?" त्याने विचारले.

"काही नाही. नुसती हाक," वसुमती म्हणाली.

त्याने गुहेची किल्ली पुढे केली. भूपाल जागा झाला होता. त्याने किल्लीकडे पाहिले आणि म्हणाला, "वसूकडे द्या." रणजयाने मान हलवली.

पुढे प्रधानाने वसुमतीला सिंहासनावर बसवले. भूपालाकडे उत्तरेची सीमा आली, रणजयाकडे दक्षिणेची बंदरे. गुहेतल्या धनातून घाट बांधले, धर्मशाळा बांधल्या, आणि त्रिकाळनाथ दार उघडे टाकून आपल्या वाटेने निघून गेला.

राज्याभिषेकानंतर तिन्ही भावंडे सज्जात बसली असता वसुमतीने विचारले, त्या दिवसांतले काही आठवते का. भूपाल म्हणाला, काहीच नाही.

रणजय म्हणाला, "ताई, एकच आठवते. अंगावर ऊन होते. आणि पाठीला पाठ लावून कोणी झोपले होते. ते कोण, हे मला ठाऊक नव्हते, पण ते उठून जाऊ नये असे वाटत होते."

भूपाल उठला, आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला.

त्या राज्यात पुढे पीकपाणी उदंड झाले, वेशी उघड्या राहिल्या, आणि घरोघरी भावंडे सुखाने नांदली. तुमच्याही घरी नांदोत.