मास्तरांना ‘नाही’ कोण म्हणणार?

“...ते राहू दे मास्तर, तो बदल तुम्ही मागं घेणार की नाही, तेवढं सांगा.”

मुळीकमास्तरांनी कानातलं ऐकायचं यंत्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि हेमांगीकडं शांतपणे बघत बसले.

“मास्तर, मी काहीतरी विचारतेय!”

“बोल की. मला आता काही ऐकू येत नाही.”

हेमांगी कोरगावकर तशी कुणाला घाबरणारी नव्हे. पण गडहिंग्लजहून आजऱ्यापर्यंत एस.टी.त उभ्यानं आलेली, दुपारचे तीन वाजलेले, घशाला कोरड पडलेली, आणि वर हा पाहुणचार! तिच्या डोक्यात तिडीक गेली.

तिनं यंत्र उचललं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. मास्तरांनी ते कानात घातलं.

“तुझ्या आईच्या गुडघ्याचं सांग,” ते म्हणाले. “पावसापाण्याचं बोल. ग्रंथपेटीचं बोलणं या घरात होत नाही.”

ग्रंथपेटी म्हणजे मास्तरांचं सॉफ्टवेअर. खेड्यापाड्यातल्या वाचनालयांसाठी. कुठलं पुस्तक कुणाकडं गेलं, कधी परत आलं, सगळी नोंद त्यात. कुणीही फुकट घ्यावं, वापरावं, पटलं नाही तर आतून उघडून दुरुस्त करावं. मास्तरांनी शाळेतून निवृत्त झाल्यावर ते एकट्यानं सुरू केलं. आता बाराजण हौसेनं सांभाळत होते, कुणी नांदेडला, कुणी पार मस्कतला. एकमेकांची तोंडं बघितलेली नाहीत, पण भांडणं मात्र सख्ख्या भावकीत होणार नाहीत अशी.

ही भांडणं व्हायची लिस्टवर. एकानं पत्र टाकलं की सगळ्यांना जातं, आणि कायमचं उघडं राहतं. उद्या कुणी परका आला तरी त्यानं वाचावं.

लिस्टची रीत अशी. ज्याला काही बदलायचं असेल त्यानं तिथं मांडायचं. आठवडाभर ते तसंच ठेवायचं. पटलं त्यानं ‘चालेल’ लिहायचं. एकानं जरी कारण देऊन ‘नाही’ लिहिलं, तरी बदल थांबतो. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत एकही ‘नाही’ आलं नाही, तर बदल सगळ्या वाचनालयांत पोचतो.

आज शुक्रवार होता. आणि बदल खुद्द मास्तरांचा होता.

आजवर ग्रंथपेटी काय करायची, नोंद जतन करताना आधी तिची एक प्रत बाजूला काढायची आणि मग नवीन लिहायची. मास्तरांनी ती प्रत काढणं बंद केलं होतं. जुन्या कॉम्प्युटरवर काम झटपट व्हावं म्हणून. अकरा जणांनी ‘चालेल’ लिहिलं. मास्तरांचंच काम, त्यात काय बघायचं?

काल हेमांगीनं तो बदल आपल्या गल्लीतल्या वाचनालयात चालवून बघितला. जतन करायला आणि लाइट जायला एकच गाठ पडली. लाइट आली तेव्हा चार हजार पुस्तकांची नोंद कोरी करकरीत! ग्रंथपाल आक्का डोक्याला हात लावून बसल्या. हेमांगीच्या घरी महिन्याभरापूर्वीची एक प्रत निघाली म्हणून निभावलं, तरी मधला महिना गेला तो गेलाच.

हे सगळं तिला मास्तरांना सांगायचं होतं, आणि मास्तरांचा हात पुन्हा कानाकडं चालला होता.

“जतन करताना लाइट गेली की सगळं पुसतंय!” हेमांगी एका दमात ओरडली. “सगळं! एक ओळ उरत नाही!”

मास्तरांचा हात कानापाशी थांबला.

“ऐकलंत ना?”

“ऐकलं.”

“मग घ्या मागं.”

“का?”

“का म्हणजे? आत्ता सांगितलं की!”

“तू माझ्या घरी येऊन सांगितलंस. उद्या फैयाजला काही पटलं नाही, तर त्यानं नांदेडहून इथं यायचं का? मस्कतच्या शिंत्र्यांनी विमान पकडायचं?”

“मास्तर, लिस्टवर लिहिलं तर तुमची शोभा होईल. जगासमोर. तुमच्याकडून शिकले मी. ते मला बघवणार नाही, म्हणून आले.”

“माझी शोभा...” मास्तर म्हणाले. मग जरा पुढं वाकले. “पहिलं ‘चालेल’ कुणाचं होतं गं?”

पहिलं ‘चालेल’ हेमांगीचंच होतं. मास्तरांचं पत्र आल्यापासून चौथ्या मिनिटाला. न वाचता, न चालवता. मास्तरांच्या बदलाला सगळ्यात आधी होकार आपला पाहिजे, एवढंच तेव्हा तिच्या मनात होतं. खोटं कशाला बोला, तिला त्याचा अभिमानही वाटला होता.

आणि आणखी एक होतं. पुढच्या महिन्यापासून ग्रंथपेटीचा सगळा कारभार हेमांगीकडं द्यावा, असं मास्तरांनीच लिस्टवर मांडलं होतं. ‘मी न बघता हो म्हटलं’ असं जी बाई चारचौघांत कबूल करणार, तिच्या हातात कारभार कोण देणार?

तिचे कान गरम झाले. राग मास्तरांचा आला की स्वतःचा, ते तिलाही कळेना.

“एक ओळ लिहायची आहे तुम्हाला,” ती म्हणाली. “‘फेरविचार करतो’ म्हणायचं. तुम्ही सुटता, मी सुटते, वाचनालयं सुटतात. कुणाचं काय बिघडलं?”

“आणि ते बाकीचे?”

“त्यांना काय कळतंय!”

“तेच म्हणतोय मी,” मास्तर म्हणाले.

“आणि मी नाहीच लिहिलं तर? सहाला हे सगळीकडं जाईल. तुम्ही जाऊ द्याल?”

“लिस्टवर एकही ‘नाही’ नाही.”

“माहीत असून? लोकांच्या नोंदी कोऱ्या होतील आणि तुम्ही रीत कुरवाळत बसाल? हा शुद्ध हट्ट आहे, मास्तर!”

“आहे.”

“लाज नाही वाटत?”

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. पण शब्द परत घेतला नाही. नाहीच घ्यायचा, असं तिनं तिथंच ठरवलं.

मास्तर रागावले नाहीत. उठले, यंत्र कानातून काढून पुन्हा टेबलावर ठेवलं, आणि आतल्या खोलीच्या दारात थांबून म्हणाले, “मी बसेन. तू बसशील का बघत?”

दार लोटलं गेलं.

बाहेर सोप्यात हेमांगी एकटी. मास्तरांच्या बायकोनं, माईंनी, पाण्याचा तांब्या आणून ठेवला, तिच्याकडं बघितलं आणि “भांडा, भांडा. चहा मग टाकते,” म्हणून निघून गेल्या.

हेमांगीनं लॅपटॉप उघडला.

‘काही ठिकाणी अडचण येऊ शकते असं नम्रपणे सुचवावंसं वाटतं...’

शी! तिनं ते खोडलं.

‘मास्तरांचा अनुभव मोठा आहे, त्यांचा अधिकार मी जाणते, तरीपण...’

तेही खोडलं. साडेचार वाजले. पावणेपाच वाजले. तिला घरी जावंसं वाटलं. मग आक्कांचा चेहरा आठवला, आणि तिनं दात ओठ खाऊन लिहिलं.

‘नाही. हा बदल चुकीचा आहे. जतन करताना वीज गेली तर सगळी नोंद पुसली जाते. काल माझ्यासमोर चार हजार पुस्तकांची पुसली. मी पहिलं ‘चालेल’ लिहिलं होतं, ते न वाचता लिहिलं होतं. मास्तर, तुमचं चुकलं. माझं तुमच्याहून जास्त चुकलं. — हेमांगी’

पाठवलं. आतल्या खोलीत कॉम्प्युटर टुणकन वाजला.

उत्तर यायला दोन मिनिटंही लागली नाहीत. भिंतीपलीकडून आलेलं, पण लिस्टवर.

‘पुरावा? — मुळीक’

“मास्तर!” हेमांगी भिंतीकडं तोंड करून ओरडली. “तुम्हाला सांगितलंय मी!”

यंत्र तर इथंच टेबलावर पडलेलं. ती कपाळावर हात मारून परत लिहायला बसली. कुठलं बटण दाबलं, कितव्या क्षणी लाइट गेली, मग काय दिसलं, सगळं पायरीपायरीनं मांडलं.

तेवढ्यात नांदेडचा फैयाज लिस्टवर उतरला. हा गडी मनानं चांगला, पण मास्तरांवर त्याचा जीव, आणि जिभेला हाड नाही.

‘ताई, चौथ्या मिनिटाला हो म्हणायचं आणि सातव्या दिवशी मास्तरांना शिकवायला यायचं? कारभार मिळायच्या आधीच एवढा तोरा?’

शब्द झोंबले. खरे होते म्हणून जास्तच झोंबले. तिनं दोनदा वाचले आणि उत्तर लिहिलं, ‘तोरा म्हणा, काय हवं ते म्हणा. आधी करून बघा.’

मग मास्तरांचं दुसरं पत्र आलं. पहिल्यापेक्षा कडक.

‘एका कॉम्प्युटरवर झालं म्हणून सगळ्यांवर होईल असं नाही. वाचनालयातलं यंत्रच बिघडलेलं असेल. दुसऱ्या कुणाकडं झालंय का? सहा वाजायला चाळीस मिनिटं आहेत. — मुळीक’

बस्स. हेमांगी उठली.

लोटलेलं दार ढकलून ती आत गेली. मास्तर आपल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्यावर ग्रंथपेटी उघडी होती, आजऱ्याच्या त्यांच्या वाचनालयाची नोंद, सव्वीस वर्षांची. नवा बदल त्यात चढवलेला.

घरात बोलायचं नाही ना? नाही बोलत! खाली वाकून तिनं भिंतीतली वायर मुठीत धरली आणि मास्तरांकडं बघितलं.

मास्तरांनी तिच्याकडं बघितलं. तिच्या मुठीकडं बघितलं.

मग त्यांनी स्वतःच्या हातानं जतन करायचं बटण दाबलं.

हेमांगीनं वायर ओढली.

पडदा काळा झाला. तिनं वायर पुन्हा खोचली. जुनं यंत्र, चालू व्हायला त्यानं जीव खाल्ला. ग्रंथपेटी उघडली.

एक ओळ उरली नव्हती.

मास्तर खुर्चीत सावरून बसले आणि दोन बोटांनी टाइप करायला लागले. हेमांगी त्यांच्या खांद्यावरून वाचत होती.

‘माझ्या समोर, माझ्या कॉम्प्युटरवर, माझ्या हातानं झालं. नोंद कोरी. हेमांगीचं ‘नाही’ बरोबर आहे. बदल मागं घेतो. — मुळीक’

पाच वाजून एकतीस मिनिटं झाली होती.

पाच वाजून सदतीस मिनिटांनी फैयाजचं पत्र आलं. ‘माझ्याकडंही गेलं. मीपण न बघताच ‘चालेल’ लिहिलं होतं.’ मस्कतच्या शिंत्र्यांचं आलं. ‘मीही.’ मग एकेक येत गेलं. सहापर्यंत हेमांगी धरून नऊ जणांनी तेच लिहिलं. दोघं गप्प राहिले.

सहाला दोन मिनिटं असताना फैयाजनं आणखी एक टाकलं. ‘कारभार हेमांगीताईंकडं द्यायचा का, यावर मात्र पुन्हा बोलायला पाहिजे. चौथं मिनिट मी विसरणार नाही.’

हेमांगीनं मास्तरांकडं बघितलं. निदान आता तरी ते दोन शब्द तिच्या बाजूनं लिहितील. मास्तर हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

ते तिला लागलं. पण दुपारपासून छातीवर होतं ते ओझं आता नव्हतं, तेही खरं. तिनं तिथंच उभ्यानं, मास्तरांच्या नाकासमोरून हात घालून, त्यांच्याच कॉम्प्युटरवर आपल्या नावानं लिहिलं, ‘बोला. मी पण बोलेन.’

मास्तरांनी टेबलाचा खण उघडला. त्यातून एक पेनड्राइव्ह काढला, लावला आणि सव्वीस वर्षांची नोंद परत जागेवर आणली. एवढं झाल्यावर त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला. त्याला दोऱ्यानं कागदाची चिठ्ठी बांधली होती. चिठ्ठीवर तारीख आजचीच होती, आणि वेळ सकाळची.

हेमांगीनं चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली.

ती सोप्यात गेली, टेबलावरचं यंत्र घेऊन आली आणि मास्तरांच्या हातात दिलं. त्यांनी ते कानात घालेपर्यंत ती कशीबशी थांबली.

“मास्तर, खरं सांगा. तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं?”

“अगं,” मास्तर म्हणाले, “हे घरात का विचारतेस?”